गुरुवारचं पाणी

आमच्या विहिरीत सहा घरांचा वाटा आणि आठवड्याला वार सात. जास्तीचा वार कुणाकडे गेला असेल हे राजुरीत कुणालाही विचारा, तो विचार न करता सांगेल. रविवार आणि सोमवार कुंडलिकतात्यांचे, मंगळवार गेणभाऊंचा, बुधवार प्रयागबाईंचा, गुरुवार आमचा, शुक्रवार आणि शनिवार आणखी दोन घरांचे. हे वार माझ्या आजोबांच्या काळात ठरले. तेव्हा विहिरीवर मोट होती आणि बैलाला गुरुवार काय नि शुक्रवार काय, सगळे सारखेच. पुढे मोटार आली. मग लाईटवाल्यांनी दुरुस्तीसाठी लाईन बंद ठेवायचा वार धरला, तो नेमका गुरुवार. यात कुणाचा डाव नव्हता हे मी मान्य करते. पण तो तसाच ठेवण्यात मात्र सगळ्यांची सोय होती.

आमच्याकडे मोटारीची लाईट दिवसाला आठ तास. गुरुवारी त्यातले चार-पाच तास दुरुस्तीत जायचे. आणि विहिरीचा रिवाज असा की गेली ती गेली. ज्याच्या वारी लाईट गेली त्याने कपाळाला हात लावायचा आणि पुढच्या वाराची वाट बघायची. इतरांच्या वारी लाईट वर्षातून चार-दोनदा जाते, तेव्हा त्यांनाही हा रिवाज लागू होता, म्हणजे कागदावर सगळं कसं समान. पप्पा, म्हणजे भागुजी, दर वर्षी कांद्याची लागण झाली की तात्यांच्या ओट्याशी जाऊन एकदा विषय काढायचे. तात्या चहा सांगायचे, तो ओट्यावरच यायचा, आणि म्हणायचे, "भागुजी, वार ते वार. समदे सारखेच." पप्पा चहा पिऊन परत यायचे. मी लहानपणापासून हे बघत आले आणि लहानपणापासून मला याचा राग आहे.

यंदा लागण झाल्यावर पप्पा गेलेच नाहीत. जेवताना एकदम म्हणाले की औंदा कांदा साधला नाही तर रान तात्यांना वाट्याने देऊन टाकतो, आता गुडघे चालत नाहीत आणि गुरुवारही. तात्यांना रान दिलं असतं तर त्याला रविवारचं आणि सोमवारचं पाणी मिळालं असतं, कांदा चांगला आला असता, आणि तो तात्यांचा असता. मी ताटावरून उठले. काहीतरी करायचं हे तेव्हा ठरलं, काय करायचं ते नंतर.

माझं काम मात्र याच विषयातलं आहे. मी अवसरीला इंजिनिअरिंग केलं आणि गावातच अमृतदादाकडे नोकरीला लागले. अमृतदादा तात्यांचा पुतण्या. खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याची कंपनी आहे. आम्ही सामाईक विहिरींसाठी एक डबा बनवतो. लाईट आली की डबा मोटार चालू करतो आणि ज्याचा वार असेल त्याच्या पाइपाचा व्हॉल्व्ह उघडतो. जुन्नर तालुक्यात बऱ्याच विहिरींवर आमचे डबे आहेत, आमच्या स्वतःच्या विहिरीवरही. डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर अमृतदादाने आणि मी लिहिलं. म्हणजे दर गुरुवारी माझ्या बापाचा व्हॉल्व्ह उघडून कोरडा ठेवणारा कोड माझ्याच हातचा होता.

घोडेगावला माझ्याबरोबर शिकलेला ऋषी आहे. त्याने दोन वर्षांपूर्वी आमचा कोड रीतसर मागून नेला आणि वर डोंगराकडच्या वाड्यांसाठी स्वतःची वेगळी प्रत चालवायला घेतली. तिथल्या लोकांनी सांगितलं तसे तो त्यात बदल करत गेला. त्यातला एक बदल होता भरपाईचा. त्याच्या वाड्यांमध्ये कुणाच्या वारी लाईट गेली तर तेवढे तास त्याला परत मिळतात. ऋषीने हे फोनवर सहज सांगितलं आणि मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. जे आमच्या गावात दोन पिढ्या मागून मिळालं नाही ते तिकडे चालू होतं, आणि कोडच्या भाषेत ते मूठभर ओळींचं काम होतं.

कोड सांभाळायची जी व्यवस्था असते तिला गिट म्हणतात. त्यात केलेला प्रत्येक बदल सुटा राहतो आणि त्यावर करणाऱ्याचं नाव राहतं. दुसऱ्याच्या साठ्यातला एखादाच बदल वेचून आपल्याकडे आणता येतो, त्याला चेरी-पिक म्हणतात. नाहीतर त्याचं सगळंच्या सगळं आपल्यात मिसळता येतं, त्याला मर्ज म्हणतात. मी अमृतदादाला भरपाई दाखवली. त्याला ती आवडली, गिऱ्हाइकांना सांगायला नवीन गोष्ट मिळाली म्हणून. मी म्हटलं, तेवढीच वेचून आणूया, मला दोन दिवस दे. पण त्याला मंचरला लग्नाला जायचं होतं. जाता जाता त्याने ऋषीची सगळी शाखाच, म्हणजे त्याची पूर्ण प्रत, आमच्यात मर्ज केली, सगळ्या डब्यांवर पाठवली आणि गाडीला किक मारली. मी विचारलं तेव्हा म्हणाला की ऋषीचं काम चांगलंच असतं, सगळंच असू दे.

आणि खरंच, भरपाई चालू झाली. गुरुवारी गेलेले तास रविवारी दुपारनंतर आमच्या वाफ्यांत यायला लागले. पहिल्या रविवारी पप्पांना ते खरंच वाटेना. ते पाइपाच्या तोंडाशी बसून राहिले, आईला हाक मारून दाखवलं. असे तीन रविवार गेले. कांद्याची पात वर उभी राहायला लागली. रान वाट्याने द्यायचा विषय कुणी काढला नाही.

मग अमावस्या आली, आणि तीही सोमवारी. सकाळी लाईट आली पण तात्यांची मोटार चालू होईना. त्यांनी डब्याचं बटण दाबलं, डब्यावर दोन थापा मारल्या, मग अमृतदादाला फोन केला. तोवर अमृतदादाला दहा गावांतून फोन आले होते. सगळीकडे लाईट होती आणि एकही मोटार चालू नव्हती. अमृतदादा विहिरीवर गेला, फ्यूज बदलला, वायर काढून पुन्हा लावली, सेन्सर पुसला. मी ऑफिसात बसून ऋषीचे बदल एकेक करून वाचत होते आणि मला तो सापडला. दोनच ओळी होत्या. अमावस्या असेल तर मोटार बंद.

मी ऋषीला फोन केला. त्याला यात काही चमत्कारिक वाटलंच नाही. "आमच्याकडं अवसंला हिरीत कुणी बादलीबी टाकत नाय," तो म्हणाला. "हिरीला इसावा असतो. तुमच्याकडं नसतो व्हय?"

आमच्याकडे नसतो. बैलालाही आता कुणी देत नाही, मोटारीला कुठून देणार. दुसऱ्याच्या वाफ्यातून रोपाची जुडी मातीसकट उचलून आणली की त्याबरोबर हरळीही येते, तसं झालं होतं. अमृतदादा घाबरला होता. त्याने हरळी उपटत बसण्यापेक्षा सगळंच मागे घेतलं, मर्जच्या आधी होतं तसं. दुपारी मोटारी चालू झाल्या. आणि भरपाईही गेली.

पुढच्या रविवारी पप्पा दुपारी वाफ्यात जाऊन बसले. पाणी आलं नाही. संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "बंद झालं का गं ते?" मी म्हटलं हो. ते म्हणाले बरं. मला त्या 'बरं'ची इतकी चीड आली की मी दुसऱ्या दिवशी सकाळी घोडेगावची वाट धरली.

ऋषीचं ऑफिस तहसील कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, खाली झेरॉक्सचं दुकान. त्याने मला त्याचे बदल उघडून दाखवले, चाळीसेक तरी असतील. प्रत्येकामागे एक वाडी होती. एकीकडे लग्नघराला दोन दिवस पाणी जास्त द्यायचं, एकीकडे विहीर तळाला गेली की आधी माणसांना आणि मग पिकाला. मी भरपाईचा बदल तेवढा वेचून माझ्या लॅपटॉपवर आणून पाहिला आणि तो चालेना. त्याला गेलेले तास माहीत हवे होते, आणि आमच्या कोडमध्ये ते कुणी मोजतच नव्हतं. गेली ती गेली म्हटल्यावर मोजायचं कशाला. ऋषीने मागे जाऊन आणखी दोन बदल दाखवले. एक लाईट कधी गेली आणि कधी आली ते टिपून ठेवणारा, दुसरा तो वेळ त्या वाराच्या घराच्या नावावर टाकणारा. हे दोन आधी आणि भरपाई त्यानंतर, असे ओळीने तीन आणले तेव्हा ते बसले. तरीही दोन ठिकाणी आमचा आणि त्याचा कोड एकमेकांना भिडला, ते मी हाताने सोडवलं. बाकीचे सगळे बदल, अमावस्येसकट, तिथेच राहू दिले.

मग मी विचारलं की परत द्यायचे तास तू आणतोस कुठून. आठवड्यात तर काही जागा नसते.

"रविवारातून," ऋषी म्हणाला. "आमच्याकडं रविवार कुणाचाच नसतो. वाडीचा असतो."

आमच्याकडे रविवार वाडीचा नव्हता, तात्यांचा होता. म्हणजे तीन आठवडे आमच्या वाफ्यांत आलेलं पाणी तात्यांच्या वाट्याचं होतं. डब्याने दर रविवारी दुपारी त्यांचा व्हॉल्व्ह बंद करून आमचा उघडला होता. आणि तात्यांनी एकदाही फोन केला नव्हता. मोटार बंद पडली तर पाचव्या मिनिटाला फोन करणारा माणूस, त्याला चार तास पाणी कमी आलेलं कळलंच नव्हतं. परत येताना एसटीत मी याचाच विचार करत होते आणि आळेफाटा येईपर्यंत माझं नक्की ठरलं.

अमृतदादा म्हणाला, हे ऋषीचं तीन ठिकाणचं ओढून आणण्यापेक्षा आपण कॉपी करून आपल्या नावाने टाकू, कोण बघतंय. मी म्हटलं की बदल त्याचे आहेत तर नाव त्याचं राहील, आणि ते मी वेगळ्या शाखेत ठेवलेत, डब्यांवर जाणाऱ्या कोडपासून बाजूला. त्या शाखेचं नाव मी 'गुरुवार' ठेवलं होतं. ऑफिसातल्या डब्याला मोटारीच्या जागी दिव्याचा बल्ब लावून मी ते दोन दिवस चालवून बघितलं. लाईट काढायची, घालायची, बल्ब कुणाच्या नावाने लागतो ते बघायचं. चोख चालत होतं. आता ते मुख्य शाखेत घेतलं की विहिरीवर जाणार होतं. माझ्याकडे पासवर्ड होता आणि एका आज्ञेचं काम होतं. पण तसं गुपचूप केलं असतं तर पाणी आलं असतं ते चोरून आल्यासारखं, आणि पप्पांच्या नावावर. ते मला नको होतं. अमृतदादाचंही म्हणणं पडलं की तात्या हो म्हणाले तरच. मी म्हटलं, बोलाव सगळ्यांना.

शनिवारी संध्याकाळी सहाही घरं विहिरीवर जमली. पप्पा येत नव्हते, मी त्यांना जवळजवळ ओढून आणलं. तात्या मोटारीच्या खोलीच्या पायरीवर बसले होते. मी भरपाई समजावून सांगितली. गेणभाऊ मान हलवत होते, प्रयागबाई पदराशी चाळा करत ऐकत होत्या. तात्यांनी शेवटी विचारलं की हे तास यायचे कुठून, आणि मी सांगितलं.

"तात्या, मधे तीन आठवडे हे चालू होतं. अमृतदादाच्या चुकीनं. दर रविवारी तुमच्या पाण्यातले चार तास आमच्याकडं आले. तुमच्या लक्षात आलं का?"

अमृतदादाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची कंपनी विकली. पप्पांनी मान खाली घातली. तात्यांचा चेहरा लाल झाला. हो म्हणावं तर कळूनही गप्प का बसले, आणि नाही म्हणावं तर चार तास गेलेले ज्याला कळत नाहीत त्याला दोन वार कशाला. ते दोन्ही बोलले नाहीत. म्हणाले की रविवार त्यांचा आहे, बापजाद्यांनी दिलेला आहे, त्यातला घोटभरही कुणाला मिळणार नाही, आणि त्या कॉम्प्युटरमधून हात घालायचा पुन्हा विचार केला तर डबा उचलून विहिरीत टाकीन.

मला वाटलं होतं की मी घाबरेन. तसं काही झालं नाही. मी म्हटलं ठीक आहे, भरपाई नको. घोटभरही नको. मग विचारलं की तात्या, तुम्ही नेहमी म्हणता वार ते वार, सगळे सारखेच. ते अजून तसंच आहे ना?

"हाय की," तात्या म्हणाले. रागात होते, आणि इतक्या जणांसमोर इतकी वर्षं म्हटलेलं वाक्य आता कसं फिरवणार.

"मग दर सोमवारी सगळ्यांचे वार एकानं पुढं सरकवू. मंगळवारवाला बुधवारी, बुधवारवाला गुरुवारी. कुणाचे वार कमी नाहीत, जास्त नाहीत. तुमचे दोन ते दोनच. सारखेच असतील तर सरकले म्हणून काय बिघडतं?"

प्रयागबाई लगेच म्हणाल्या की काही बिघडत नाही. त्या तात्यांच्या चुलत भावजय, नवरा गेल्यापासून रान एकट्या बघतात, आणि पहिला गुरुवार त्यांच्याच वाट्याला येणार हे त्यांना कळलं होतं. तरी म्हणाल्या. गेणभाऊंनीही हो म्हटलं. उरलेल्या दोन घरांनी आधी तात्यांकडे बघितलं, मग प्रयागबाईंकडे, आणि हो म्हटलं. तात्या उठले, कपडे झटकले आणि म्हणाले की करा काय करायचं ते, मला काय फरक पडतो.

हा बदल वेचून आणायला कुणाकडे नव्हता. तो मी लिहिला, माझ्या नावाने, आणि सोमवारपासून आमच्या विहिरीवर चालू झाला.

त्या आठवड्यात आमचा वार शुक्रवार होता. मी सुट्टी घेतली नव्हती पण दुपारी डबा घेऊन रानात गेले, जेवणाचा डबा म्हणते मी. पप्पांनी खुरपं बाजूला ठेवलं होतं. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जात होतं आणि ते नुसते बारं मोडत, पाण्याला पुढच्या वाफ्याची वाट करून देत, पुढे पुढे जात होते. लाईट आठही तास राहिली. सगळं रान एका दमात भिजलं. असं आयुष्यात पहिल्यांदा झालं, पप्पा म्हणाले, आणि मग लगेच म्हणाले की डाव्या कोपऱ्याला जरा जास्तच झालं. मला रडू आलं, आणि त्यांना ते दिसू नये म्हणून मी खाली बसून चप्पल धुवायला घेतली.

त्याच आठवड्यातला गुरुवार प्रयागबाईंचा होता. लाईट सकाळी गेली ती दुपार उतरल्यावर आली. दुसऱ्या दिवशी त्या मला चौकात भेटल्या. "असं असतंय व्हय गुरुवारचं?" एवढंच म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या की ते भरपाईचं तू जपून ठेव. पुढच्या गुरुवारी गेणभाऊंचं तसंच झालं. त्यांनी ऑफिसात येऊन अमृतदादाला विचारलं की ते घोडेगावचं कधी लावणार. अमृतदादा म्हणाला तात्या. गेणभाऊ म्हणाले, थांबतो मग, आता पुढचा गुरुवार तात्यांचाच आहे.

तिसरा गुरुवार तात्यांचा. त्या दिवशी रस्त्याकडेचे दोन खांब बदलायचे होते म्हणून लाईन पाच तास बंद राहिली. तात्यांनी नेमकं त्या आठवड्यात खत टाकून ठेवलं होतं, ते पाण्यावाचून तसंच पडून राहिलं. ते दिवसभर विहिरीवर होते असं मला कळलं. आदल्या दिवशी बुधवारही त्यांचाच होता, पण बुधवारी त्यांनी वरचं रान भिजवलं आणि खालचं गुरुवारवर ठेवलं होतं. पहिल्यांदाच गुरुवार भोगणारा माणूस करणार ती चूक त्यांनी केली. गुरुवारवर काही ठेवायचं नसतं हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

शुक्रवारी सकाळी अमृतदादा माझ्या टेबलाशी आला. तात्या तयार आहेत, म्हणाला, भरपाई घे मुख्य शाखेत, आजच्या आज. कालचे पाच तास डब्याने मोजलेले नाहीत, ते हाताने त्यांच्या नावावर टाक, म्हणजे रविवारी त्यांना मिळतील. मी 'गुरुवार' शाखा उघडली. ऋषीच्या नावाचे तीन बदल तसेच होते. आणि मग माझा हात थांबला, कारण येणारा रविवार कुणाचा ते माझ्या लक्षात आलं. आमचा वार तीनदा सरकून रविवारी आला होता. तात्यांचे पाच तास निघणार होते ते आमच्या आठातून.

मी अमृतदादाला म्हटलं की मी हे पप्पांना विचारल्याशिवाय टाकणार नाही. तो म्हणाला, अगं तूच भांडलीस ना यासाठी. मी म्हटलं, हो, आणि आता विचारणार आहे.

खरं सांगते, मला पप्पांनी नाही म्हणावं असं वाटत होतं. पुढच्या आठवड्यापासून टाकू, या एका रविवारचं पाणी आमचं राहू दे. पण असं करण्याला काय म्हणतात हेही मला माहीत होतं. गेली ती गेली. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. कांद्याला या खेपेला तीन तास पुरतील का ते मनात जोखलं असावं, कारण ते रानाकडे बघत होते.

"द्यायचं," ते म्हणाले. "लाईट गेली त्यात त्यांची काय चूक. पण अमृतला सांग, तात्यांनी येऊन मला इचारायचं. हितं. मग द्यायचं."

मी तसंच सांगितलं. अमृतदादाने डोक्याला हात लावला. शुक्रवारी कुणी आलं नाही. शनिवारी दुपारपर्यंतही नाही. आईला वाटायला लागलं की पप्पांनी ताणलं, उगाच वैर नको. पप्पा ओसरीत बसून दावं वळत होते.

ऊन कलल्यावर तात्या बांधावरून चालत आले. गाडी घेतली नव्हती. आईने खुर्ची आणली. ते उभेच राहिले, मग बसले. त्यांनी कांद्याची पात बघितली, चांगली आहे म्हणाले. करपा कुठे कुठे पडलाय ते सांगितलं. पप्पांनी त्यांना काही मदत केली नाही. हूं म्हणत दावं वळत राहिले. आईने चहा आणला, आमच्या रोजच्या कपात. तात्यांनी कप घेतला, हातात धरून ठेवला.

"भागुजी," ते म्हणाले. "उद्या तुझा वार हाय. त्यातलं पाणी पायजे व्हतं. चार तास दिलंस तरी चालंल."

पप्पांनी दावं खाली ठेवलं.

"पाच गेल्यात तुमचं," ते म्हणाले. "पाच घ्या."

तात्यांनी मान हलवली. मग चहा प्यायले, सगळा. जायला उठले आणि अंगणात थांबून, आमच्याकडे न बघता म्हणाले, "किती गुरुवार काढलंस रं असं?"

"मोजलं न्हाईत," पप्पा म्हणाले. "मोजायचं यंत्र आत्ता आलंय."

तात्या गेले. ते बांधावरून पार वळेपर्यंत पप्पा बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टाक आता ते. ह्यापुढं कुणी कुणाच्या दारात जायला नको."

मी ओसरीतच लॅपटॉप उघडला आणि तिन्ही बदल मुख्य शाखेत घेतले.